नाणे गेले, काटा मुका झाला

हिंगोली, प्रतिनिधी

फलाटावरच्या उभ्या वजनकाट्यात नाणे टाकावे, रंगीत दिव्यांची चकती फिरत राहावी, आत कुठेतरी 'खट्' असा आवाज व्हावा आणि खालच्या खोबणीत जाड पुठ्ठ्याचे इवलेसे तिकीट येऊन पडावे. तिकिटाच्या एका बाजूला वजन, तर दुसऱ्या बाजूला भविष्याची एखादी ओळ किंवा चित्रपट कलावंताचे छायाचित्र. मोठ्या रेल्वे स्थानकांवरून प्रवास केलेल्या दोन-तीन पिढ्यांना हा अनुभव परिचयाचा आहे. आता हे काटे दिसेनासे झाले आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट भंगारात होतो. असे एखादे यंत्र घरी आणून पुन्हा चालते करणे हा मात्र चिकाटीचा आणि आनंदाचा छंद ठरू शकतो. त्यासाठी लागणारी कौशल्ये हिंगोली, वसमत, कळमनुरी यांसारख्या गावांतील फिटर, लेथ कारागीर आणि छापखानेवाल्यांकडे आजही आहेत. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. या यंत्राला 'चालू' करणारे मूळ नाणेच व्यवहारातून गेलेले असते.

स्लॉट मशीन नको, वजनकाटा हवा

नाण्यावर चालणारी जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचा छंद अमेरिका व युरोपमध्ये चांगलाच रुजलेला आहे. तेथे या छंदाचा मानबिंदू म्हणजे जुगाराचे तीन चाकांचे 'स्लॉट मशीन'. सॅन फ्रान्सिस्को येथील चार्ल्स फे या कारागिराने १८९०च्या दशकात 'लिबर्टी बेल' हे यंत्र घडविले आणि त्याच रचनेवर पुढे कारखाने उभे राहिले. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठरावीक वर्षांपेक्षा जुनी यंत्रे केवळ संग्रहासाठी बाळगण्याची मुभा आहे.

महाराष्ट्रातील स्थिती निराळी आहे. येथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. छाप्यात जुगाराची साधने सापडली तर ती जागा जुगाराचा अड्डा असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद या कायद्यात आहे. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोविषयक कायदा केला होता. पण तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीनंतर पंचतारांकित हॉटेलांमध्ये अशा यंत्रांना परवानगी मिळाली, तीही परवान्यासह. त्यामुळे मराठवाड्यातील घरात जुगाराचे यंत्र आणून ठेवणे म्हणजे विकतचे दुखणे होय.

वजनकाट्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय नाण्याची खाच, घसरण, नाणे पारखणारी पट्टी, नाण्याच्या भाराने हलणारी तरफ आणि खालचा गल्ला ही रचना दोन्ही यंत्रांत मूलतः एकच. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने नाणे टाकल्यावर पवित्र जल देणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आहे. त्यातही नाण्याच्या भाराने तरफ झुके आणि झडप उघडे. नाण्यावर चालणारा वजनकाटा मात्र १८८०च्या दशकातला. इंग्लंडच्या पर्सिव्हल एव्हरिट यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते.

यंत्राच्या पोटात काय असते?

उभे राहण्याच्या पाटाखाली तरफांची जोडणी असते. माणसाचा भार या तरफांमार्फत कमी होत होत एका दांड्यावर येतो. तो दांडा स्प्रिंग ताणतो किंवा लंबकासारखे वजन वर उचलतो. जितका भार तितकी हालचाल. ही हालचाल उठावाचे आकडे असलेल्या चाकापर्यंत पोहोचते. नाणे पडले की अडसर सुटतो, समोर आलेला आकडा पुठ्ठ्यावर उमटतो आणि तिकीट बाहेर ढकलले जाते. म्हणजेच वजन करण्याचे काम यंत्र पाटावर पाय ठेवताच करीत असते. नाणे फक्त ते सांगण्याची परवानगी देते.

ही परवानगी देताना यंत्र नाण्याचे तीन गुण तपासू शकते. खाचेतून जाताना व्यास आणि जाडी, तरफेवर पडताना वजन आणि, चुंबक बसविलेला असल्यास, धातू. लोखंडी वायसर टाकून यंत्राला फसविणाऱ्यांसाठी हा बंदोबस्त असे. तोच आज दुरुस्ती करणाऱ्यापुढचे मोठे कोडे ठरतो.

बदलत्या नाण्यांचा घोळ

'कोणते नाणे?' हा प्रश्न हिंगोलीला नवा नाही. पूर्णा ते हिंगोली लोहमार्ग १९१२ मध्ये सुरू झाला, तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा 'हाली' रुपया आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा 'कलदार' रुपया अशी दोन चलने लोकांना ठाऊक होती. शंभर कलदार रुपयांसाठी सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढील काही वर्षांत हाली नाणी व्यवहारातून गेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला.

यंत्राच्या दृष्टीने खरी उलथापालथ यानंतरची. १९५७ चे दहा नव्या पैशांचे तांबे-निकेलचे नाणे ५ ग्रॅम वजनाचे आणि २३ मिलिमीटर व्यासाचे होते. १९७१ मध्ये आलेले दहा पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे सुमारे २६ मिलिमीटरचे, पण वजन केवळ २.३ ग्रॅम. म्हणजे नाणे मोठे झाले आणि हलकेही झाले. जुन्या खाचेत ते शिरणार नाही आणि खाच रुंद केली तरी जुनी तरफ त्याने झुकणार नाही.

रुपयाची कथाही अशीच. १९७५ च्या मालिकेतील रुपया ८ ग्रॅमचा व २८ मिलिमीटरचा. १९८३ चा ६ ग्रॅमचा व २६ मिलिमीटरचा. १९९२ चा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा व २५ मिलिमीटरचा. २०११ च्या मालिकेत तो ३.७९ ग्रॅम आणि सुमारे २२ मिलिमीटरवर आला. एकाच किमतीच्या नाण्याचे वजन ३६ वर्षांत निम्म्याहून खाली उतरले. शिवाय तांबे-निकेल चुंबकाला चिकटत नाही. १९९२ पासूनचा पोलादी रुपया चिकटतो. त्यामुळे वायसर अडविण्यासाठी ज्या यंत्रात चुंबक असेल, ते खरा रुपयाही खोटा ठरवून अडवून धरील.

त्यातच ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याहून कमी किमतीची नाणी चलनातून बाद झाली. परिणामी उत्तम स्थितीतील काटाही मुका झाला. बिघाड यंत्रात नव्हता, तो खिशात होता.

खाच कापू नका

येथेच या छंदातील सर्वांत मोठी चूक घडते. आजचे नाणे चालावे म्हणून कानशीने खाच रुंद केली जाते, तरफेचे वजन कापले जाते किंवा आतले सगळे यंत्र काढून इलेक्ट्रॉनिक काटा बसविला जातो. वरून चकचकीत रंग दिला की यंत्र नवे दिसते. पण ते कोणत्या काळचे, कोणत्या नाण्याचे होते, हे सांगणारा पुरावा कायमचा नष्ट होतो. कापलेला धातू परत येत नाही.

यावर साधा उपाय आहे. खाचेची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी आणि ती कोणत्या नाण्याशी जुळते ते पाहावे. त्यावरून यंत्राचा, निदान त्याच्या शेवटच्या बदलाचा काळ कळतो. मग घरातल्या जुन्या डब्यातून किंवा नाणी संग्राहकांकडून त्या मालिकेची दहा-वीस नाणी मिळवावीत आणि ती यंत्राजवळच वाटीत ठेवावीत. गल्ल्याची चावी आपल्याच हाती असल्याने तीच नाणी पुन्हा पुन्हा वापरता येतात. १९९२ च्या रुपयासाठी जुळविलेल्या यंत्राला एक योगायोगाची सोयही आहे. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे वजनाने ४.८५ ग्रॅम आणि व्यासाने २५ मिलिमीटरच आहे. जाडीची खात्री करून ते वापरून पाहता येते. बदल करणे अगदीच अपरिहार्य असेल तर मूळ भाग न कापता काढून ठेवावा आणि त्याच्या जागी लेथवर नवा घडवून बसवावा.

कामाचा क्रम

यंत्र घरी येताच ते विजेला जोडून पाहण्याचा मोह टाळावा. जुन्या तारांवरचे आवरण तडकलेले असते आणि बाहेरचा सांगाडा लोखंडी असतो. तारा बदलून सांगाड्याला अर्थिंग दिल्यावरच वीज जोडावी. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत खुणेसह ठेवावेत. ताणलेली स्प्रिंग जबरदस्तीने सोडवू नये. ती उडून इजा होते.

घट्ट झालेले ग्रीस रॉकेलने व मऊ ब्रशने निघते. शिलाई मशीनचे तेल फक्त फिरत्या खिळींना, तेही थेंबभर द्यावे. नाण्याच्या घसरणीला तेल अजिबात लावू नये; धूळ चिकटून नाणे अडकते. तरफा ज्या धारदार टेकूंवर डोलतात, ते टेकूही कोरडेच ठेवावेत.

रंगाबाबत विशेष काळजी हवी. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओल्या पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क लावून, मुलांपासून दूर काम करावे. अक्षरे व कंपनीची पट्टी शाबूत असेल तर तेवढा भाग तसाच राखावा.

शेवटी काट्याची परीक्षा. प्रमाणित २० किलोची मापे मिळवून २०, ४०, ६० किलो असा भार चढवीत आणि पुन्हा उतरवीत नोंदी घ्याव्यात. चढताना व उतरताना आकडे वेगळे येत असतील तर कुठेतरी घर्षण आहे असे समजावे. पाटाच्या चारही कोपऱ्यांवर तेच माप ठेवूनही पाहावे. तिकिटांसाठी जुन्या तिकिटाची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा छापखान्यातून कापून घ्यावा. पुठ्ठा पातळ असला तर दोन तिकिटे एकदम येतात, जाड असला तर एकही येत नाही.

पावती जपून ठेवा

पूर्णा-अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ च्या सुमारास झाले आणि मीटरगेज काळातील बरेच साहित्य कालबाह्य ठरले. अशा वस्तूंचे आकर्षण स्वाभाविक आहे. मात्र रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. फलाटावरील काटा रेल्वेचा होता की ठेकेदाराचा, हे विचारून लिलावाची वा खरेदीची रीतसर पावती घ्यावी. चलनातील नाणी वितळविण्यास वा नष्ट करण्यास २०११ च्या नाणे अधिनियमाने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. दुरुस्त काटा घरात शोभेसाठी ठेवणे वेगळे आणि पैसे घेऊन लोकांचे वजन करणे वेगळे. तसे करायचे असल्यास आधी वैधमापनशास्त्र कार्यालयात पडताळणीची चौकशी करावी.

भंगारवाल्याच्या तराजूत असा काटा बीड आणि लोखंडाच्या किलोच्या भावाने जातो. त्याच्या खाचेत कोरलेला चलनाचा इतिहास त्या भावात धरला जात नाही. तो राखायचा असेल तर दुरुस्तीला बसणाऱ्याने पान्हा उचलण्याआधी कॅलिपर उचलावा, एवढेच पुरेसे आहे.