कापलेले पैसे जातात कुठे?



घोडबंदर रोडच्या एका अंगाला खाडी आहे, दुसऱ्या अंगाला येऊरचे जंगल. जंगलाकडेच्या वारली पाड्यांतली तरुण मुले-मुली आता रोज सकाळी समोरच्या टॉवरांत आणि मॉलमध्ये साफसफाईला, माळीकामाला, सिक्युरिटीला जातात. त्यांच्या आईवडिलांना मजुरी रोख हातात मिळे. यांचा पगार बँकेत येतो, आणि ठरल्यापेक्षा कमी का आला हे सांगणारे कोणी नसते. म्हणून काही महिन्यांपासून रविवारी दुपारी आम्ही पाड्यावर बसून पगाराची स्लिप वाचायला शिकतो.

पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "ताई, पीएफ सुपरवायझर खातो." मी फळ्यावर हिशेब मांडला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये धरा. त्यातून 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये, कामगाराचे कापले जातात. मालकाने तेवढेच स्वतःच्या खिशातून घालायचे असतात. त्यांतले 1,166 पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले 514 कामगाराच्या पीएफमध्ये. "म्हणजे कापले नाही, वाढवले?" एका मुलाने विचारले. भरले असतील तर, हो.

ईएसआयचे 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. त्यावर वागळे इस्टेटच्या ईएसआय रुग्णालयात घरच्यांवरही उपचार होतात. वर्गातल्या निम्म्या मुलांना आपले कार्ड आहे हेच माहीत नव्हते. व्यवसाय कराचे 200 रुपये मुलींच्या स्लिपवरही दिसले. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे.

मला स्वतःला उशिरा कळलेली गोष्ट पेन्शनची. नोकरी सुटली की मुले सगळे पैसे काढून घेत, आणि "काढ, तुझेच आहेत" असे मीही सांगत असे. पण पेन्शनचा हिस्सा काढला की नोकरीची वर्षे पुसली जातात. दरमहा पेन्शनसाठी एकूण 10 वर्षे भरावी लागतात, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. लाबानाने याकोबाचे वेतन दहादा बदलले हे आपण वाचले आहे. इथे ठेकेदार बदलतो, झाडू आणि जागा तीच राहते. म्हणून 12 आकडी यूएएन नंबर एकच ठेवायचा. नव्या ठेकेदाराचा फॉर्म भरताना "आधी पीएफ होता का" या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवून घ्यायची.

त्या मुलीचे खाते उघडायला तीन रविवार गेले. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला होता तो जुन्या सुपरवायझरचा, म्हणून तिला कधी मेसेजच आला नाही. आधी नंबर बदलला, मग पासबुक उघडले. पाच महिने पैसे स्लिपवर कापलेले होते, पासबुकात नव्हते. तिचा संशय अगदीच खोटा नव्हता, आणि मी फळ्यापाशी फारच खात्रीने बोलले होते.

पीएफच्या ऑनलाइन तक्रारीला स्लिपा आणि बँकेचे पान जोडले. ठेकेदाराने भरले नाही तर कायद्याने मुख्य मालकही जबाबदार असतो, हे मॉलच्या कचेरीत जाऊन तिनेच सांगितले. मी बाहेर बाकावर बसले होते. तीन महिन्यांचे पैसे जमा झाले आहेत, दोन महिन्यांचे अजून बाकी आहेत. ती दर सोमवारी पासबुक बघते.

आपल्यापैकी पुष्कळ जण घोडबंदर रोडवर किंवा डोंबिवलीत सोसायटीच्या कमिटीवर आहात. साफसफाईच्या ठेकेदाराचे पुढचे बिल पास करण्याआधी त्याच्याकडून त्या महिन्याचे पीएफचे चलन आणि नावांची यादी मागा, आणि तुमचा जिना झाडणाऱ्या मुलीचे नाव यादीत आहे का ते बघा. ज्यांनी नोकरीत पगारपत्रके केली आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार दुपार आम्हाला द्यावी. फळा आमच्याकडे आहे.