सातचा भोंगा

मार्च २०२०पर्यंत मुलाच्या दप्तरात मोबाइल सापडला, तर शाळेतून पालकांना बोलावणे यायचे. त्याच वर्षी जूनमध्ये शाळांनीच सांगितले, मुलांच्या हाती मोबाइल द्या. टाळेबंदीत दुसरा इलाजही नव्हता. पण वही आणि खेळाचे मैदान एकाच पडद्यावर आले.

त्यात घरोघरची तऱ्हा वेगळी. कुठे दोन खोल्यांत एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. वडील रात्री परतले की मुलीचा अभ्यास सुरू होई. अभ्यास संपे, घर झोपी जाई, फोन मात्र हातातच राही. कुठे मुलाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र फोन आणि आईवडील दोघेही कामात. बंद दाराआड वर्ग चालू आहे की खेळ, हे कोणाला कळणार?

म्हणून फोन हाती असलेले प्रत्येक मूल व्यसनी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात मोबाइल-संगणकावरील खेळांच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. तीही साधारण वर्षभर टिकलेली. नुसते तास मोजून निदान होत नाही. खेळात शाबासकी लगेच मिळते. घरी फक्त बोलणी खाणाऱ्या मुलाला ती सोडवत नाही. अशा वेळी फोन हिसकावला, तर भांडण तेवढे वाढते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली वेगळी वाट धरली. शाळा उघडल्या तरी मुले फोन सोडीनात. तेव्हा गावाने ठरवले, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले. भोंगा मुलांसाठी होता, तसाच मालिका पाहणाऱ्या मोठ्यांसाठीही.

आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये इफ्तारचा भोंगा होतो आणि सारे घर एका दस्तरखानावर येते. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून कोणी कुरकुरत नाही.

मुलाची झोप, जेवण, शाळा सुटू लागली, तर डॉक्टरांकडे जावेच; 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो. पण त्याआधी संध्याकाळी तासभर आपला फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसून पाहावे.