पत्रिका जुळली, पासबुकांचे काय?

तुळशीचे लग्न लागले की गंगापूर रोडच्या संध्याकाळचे रूपच पालटते. आनंदवलीकडच्या लॉन्सच्या कमानी उजळतात आणि वरातीमागे अडकलेल्या बसमध्ये आपण विद्यार्थी घड्याळ पाहत बसतो. गेल्या हंगामात अशाच एका लॉनचे भाडे विचारायला मी मावसबहिणीबरोबर गेलो होतो. ताईचा साखरपुडा नुकताच झाला होता. भाड्याचा आकडा ऐकून बाहेर आल्यावर होणारे दाजी बराच वेळ गप्प होते. मग तिला म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. माझ्यावर कर्ज आहे."

पत्रिकेतले सव्वीस गुण जुळले होते. पासबुके मात्र कुणी उघडली नव्हती.

वडिलांच्या आजारपणात दाजींनी क्रेडिट कार्डावर पन्नास हजार उचलले होते. शिवाय कचेरीतल्या एका मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. ताईने ऐकून घेतले आणि आपल्या शैक्षणिक कर्जाचे हप्तेही त्याच ठिकाणी उभ्या उभ्या सांगून टाकले. मला वाटते, त्या लग्नातला खरा वाङ्निश्चय तिथेच झाला!

दाजी दर महिन्याला 'किमान रक्कम' भरत होते, म्हणून आपण कर्ज फेडतो आहोत अशी त्यांची समजूत होती. हिशेब करून पाहा. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के धरले तर ५०,००० वर १,७५० रुपये होतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० भरली, तर मुद्दलातून सुटतात अवघे ४३५ रुपये!

आता सल्ला कुणाचा घ्यायचा? काकांचे मत पडले की दुसरे कर्ज काढून पहिले फेडावे. एका एजंटाने सगळी कर्जे 'सेटल' करून देतो म्हणून आगाऊ फी मागितली. तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले खाते पतअहवालात तसेच नोंदले जाते आणि पुढे घरकर्ज मागायला गेल्यावर ते आडवे येते, हे त्याने सांगितले नाही. तेव्हा सल्लागाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तुमचा मोबदला कोण देतो? कर्ज विकून ज्याचे पोट भरते, तो कर्ज कमी कर असे कशाला सांगेल?

मोबदला न घेणारा सल्ला उपलब्ध आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांसाठी आर्थिक साक्षरता व कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना आखली आणि २०१२ पासून प्रत्येक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात असे केंद्र असावे असे धोरण ठरले. नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. समुपदेशक पैसे देत नाही, बँकेवर सक्तीही करू शकत नाही. तो हिशेब मांडून देतो आणि बँकेशी काय बोलायचे ते शिकवतो. कायद्याचा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

तिसऱ्या माणसाची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने तडजोड करून देणारे मध्यस्थ नेमण्याची सोय केली. जिथे ते नेमले गेले, तिथे सावकाराला दावा लावण्याआधी त्यांच्यापुढे यावे लागे. दंग्यांच्या चौकशी आयोगाचे एक निरीक्षण तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. कुणब्याच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे आयोगाला आढळले. तो खर्च कर्जात भर घालतो, पण कर्जाचे मूळ बहुधा दुसरीकडेच असते. दाजींचे मूळ दवाखान्यात होते. लॉनमुळे त्यावर फक्त कळस चढणार होता.

मावशीची धास्ती वेगळीच होती : "त्याचं कर्ज उद्या माझ्या पोरीच्या गळ्यात पडायचं!" तसे होत नाही. लग्न झाले म्हणून नवऱ्याचे कर्ज बायकोचे होत नाही, की बायकोचे नवऱ्याचे होत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली तरच ती जबाबदारी येते. आणि जामीनदाराची सही ही आपण समजतो तशी उपचाराची नसते; १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून समुपदेशकाने मित्राचे कर्जही दाजींच्या यादीत, वेगळ्या रकान्यात का होईना, लिहायला लावले.

जाण्याआधी दोघांनी आपापला पतअहवाल मागवला होता. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा तो विनाशुल्क देतात. तिथे एका रेघी कागदावर सगळी कर्जे व्याजदराच्या उतरत्या क्रमाने मांडली गेली. कार्ड सर्वांत वर, शैक्षणिक कर्ज खाली. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या अठरा हप्त्यांत बदलून देण्याचा अर्ज बँकेने मान्य केला. कार्ड त्याच दिवशी मावशीच्या डब्यात गेले. ताईच्या दागिन्यांचा विषय काकांनी काढला, तेव्हा दाजीच म्हणाले, "ते स्त्रीधन आहे, त्याला हात लावायचा नाही."

लग्न वैशाखात झाले, लॉनवर नव्हे, कॉलनीच्या सभागृहात. मठ्ठा थोडा कमी पडला. कार्डाचे सात हप्ते अजून बाकी आहेत. तो रेघी कागद ताईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि दर महिन्याला एक ओळ खोडली जाते.