लाल रेघेची गोळी

पेनिसिलिन जंतूला मारतं, मग आपल्याला का नाही? जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. आपल्या पेशींना ती नसतेच. पेनिसिलिन त्या भिंतीची बांधणी अडवतं, मग आत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाने जिवाणू फुटतो. सर्दीच्या विषाणूला अशी भिंतच नाही, म्हणून तिथे पेनिसिलिनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन गिळणं फुकट. फुकट तरी कसलं! पोटातले निरुपद्रवी जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि फोफावतात. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं. आपल्याकडे या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. तरी मेडिकलवाला विचारतोच, “दोन दिवसांच्या देऊ?”