जुन्या कोडमधला ०.९ कुठून आला?

जुनं सॉफ्टवेअर नव्याने बनवायचं, तर आधी त्यात दडलेले नियम बाहेर काढावे लागतात. मी डोंबिवलीकर, म्हणून उदाहरण मालमत्ता कराचंच घेतो. समजा, कोडमध्ये वार्षिक भाड्याला ०.९ ने गुणलंय. कोड वाचून एवढंच कळतं. कारण सापडतं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये: दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजावट. म्हणजे हा आकडा नव्या सिस्टिममध्येही हवाच.

सगळं इतकं सरळ नसतं. आमच्याकडची २७ गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आली! आता 'अमुक गाव असेल तर वेगळा दर' अशी ओळ दिसली, तर ती अजून लागू आहे की नुसती पडून आहे? हे कोड सांगणार नाही. रोज बिलं काढणाऱ्या क्लार्कला विचारा.

शिवाय जुनी बिलं मागून घ्या. तीच माहिती नव्या सिस्टिममध्ये भरा, रक्कम ताडून बघा. फरक आला, तर एकतर आपला नियम सुटलाय, नाहीतर जुनं सॉफ्टवेअरच इतकी वर्षं चुकत होतं. दुसरं निघालं तर प्रोग्रामरने परस्पर दुरुस्ती करू नये. लोकांच्या पैशांचा मामला आहे, कर विभागाकडून लेखी घ्या.