उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या

फेब्रुवारीत खामगावहून नांदुऱ्याकडे निघालं की कुठं कुठं कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या अजून उभ्या दिसतात. आणखी एखादा वेचा मिळेल म्हणून शेतकरी फरदड ठेवतो. त्याच बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामावर तुटून पडते. म्हातारपण आणि कर्करोग यांच्या नात्याबद्दल वाचताना मला हे शेत सारखं आठवतं.

हे नातं समजून घ्यायला काचपात्रात वाढवलेल्या पेशींपासून सुरुवात करावी लागते. पुण्यात जन्मलेल्या कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे 1949 मध्ये पीएच.डी. झाल्यावर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि पुढं मुंबईत त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. गाय यांच्याच प्रयोगशाळेत 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या. त्यांचा वंश आजही वाढतोच आहे. निरोगी पेशींचं तसं नाही. त्या साधारण 40 ते 60 वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवलं.

हे थांबणं म्हणजे शरीराची राखण. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं झिजतात. ती फार झिजली किंवा डीएनए बिघडला, की पी-53 सारखी प्रथिनं पेशीला रोखतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी टेलोमरेज नावाचं विकर जागं करून ही टोकं पुन्हा लांबवतात आणि राखणदाराला चकवतात.

पण थांबलेली पेशी मरत नाही. तरुणपणी रोगप्रतिकारक पेशी तिला उचलून नेतात. उतारवयात ते काम मंदावतं आणि अशा पऱ्हाट्या साचत जातात. त्यांतून दाह वाढवणारी रसायनं पाझरतात. शेजारी एखादी बिघडलेली पेशी असेल, तर तिला त्यातून खतपाणीच मिळतं. बिघाडही वर्षागणिक साठत असतात आणि तंबाखू त्यांत दररोज भर घालते. तरी आजोबांच्या गालातला न भरणारा व्रण ‘वयच झालं’ म्हणून महिनोन्महिने तसाच राहतो, याचं फार वाईट वाटतं. वय झालंय म्हणूनच तर तो आधी दाखवायला हवा.

2011 मध्ये अमेरिकेत जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या शरीरातून थांबलेल्या पेशी काढून टाकल्या, तेव्हा म्हातारपणाच्या काही व्याधी लांबणीवर पडल्या. माणसात मात्र सरसकट उपटणी करता येणार नाही, कारण जखम भरून यायला याच पेशींचा हातभार लागतो. कोणत्या काढायच्या नि कोणत्या राखायच्या, यावर सध्या काम चालू आहे.