पेशीची पकड सुटते तेव्हा

कर्करोगाची गाठ वाढणे आणि कर्करोग शरीरात पसरणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. एका जागी राहिलेली गाठ शस्त्रक्रियेने बहुधा काढून टाकता येते. यकृत, फुप्फुसे, हाडे किंवा मेंदूत जाऊन रुजलेल्या पेशींपुढे मात्र शल्यविशारदाचे फारसे काही चालत नाही. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू या प्रसारामुळे होतात. डॉक्टर त्याला मेटास्टॅसिस म्हणतात. पेशीच्या आत नेमके काय बिघडते आणि ती आपली जागा का सोडते, हा रेणवीय जीवशास्त्राचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग परळ आणि खारघर येथील प्रयोगशाळांतून हाती आला आहे.

वाढीची बाजू तुलनेने लवकर उलगडली. निरोगी पेशी बाहेरून संदेश आल्याशिवाय विभागत नाही. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातील ‘रास’ या जनुकात केवळ एका अक्षराचा बदल सापडला. तेवढ्याने विभाजनाचा संदेश कायमचा चालू राहतो. उलट ‘पी-५३’ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवते किंवा मरायला लावते, आणि माणसांतील सुमारे निम्म्या गाठींत त्याचेच जनुक निकामी झालेले आढळते. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे जुडाह फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले.

पसरण्याचे गणित याहून अवघड आहे. पेशीला शेजारणींपासून सुटावे लागते, अस्तराखालचा पडदा फोडावा लागतो, रक्तात किंवा लसीकेत शिरून तिथल्या माऱ्यातून तगावे लागते, दूरच्या अवयवात बाहेर पडावे लागते आणि तिथे पुन्हा वाढावे लागते. यांतली एक पायरी चुकली तरी ती मरते. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या, तेव्हा दिवसभरानंतर हजारात एकही धड जिवंत उरत नव्हती. ज्या उरतात त्याही कुठेही रुजत नाहीत. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. काही अवयवांत गाठी वारंवार सापडत होत्या, तर काहींत क्वचितच. बी सगळीकडे पडते, पण मानवणाऱ्या मातीतच उगवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो आजही टिकून आहे.

मुंबईत या अभ्यासाचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९५२ मध्ये तिथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवायचे तंत्र शिकल्या. ‘हेला’ ही माणसाची पहिली अमर पेशीमालिका वाढवणारे तेच हे गाय. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण का बदलते, याचा माग काढला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पेशी वाढवता आल्या नसत्या तर पुढचे काहीच शक्य झाले नसते, म्हणून या पिढीचे ऋण मोठे आहे. संशोधन केंद्र आणि रुग्णालय १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्र या एका छत्राखाली आले, आणि २००२ पासून संशोधनाचा मोठा भाग खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत चालतो.

पॅजेट यांच्या ‘माती’चा रेणवीय अर्थ काय, यावर ॲक्ट्रेकमध्ये डॉ. राजीव कलरैया यांनी काम केले. उंदरातील मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेतील रंगद्रव्यपेशींच्या कर्करोगाच्या, काही उपजाती हमखास फुप्फुसातच गाठी करतात. या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना शर्करांच्या लांबलचक साखळ्या जोडलेल्या असतात. फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर गॅलेक्टिन-३ नावाचे प्रथिन असते आणि ते नेमक्या या साखळ्या पकडते. पेशी तिथे अडकते ती अशी.

ती मुळात सुटते कशी, हा भाग डॉ. सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने हाती घेतला. शरीराच्या अस्तरातील पेशी डेस्मोसोम नावाच्या जोडांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. प्रत्येक जोड अनेक प्रथिनांचा बनलेला असतो, आणि त्यांतले एक म्हणजे प्लॅकोफिलिन-३. दलाल यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत आरएनएच्या तंत्राने फक्त या एका प्रथिनाचे उत्पादन कमी केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल स्पष्ट होता: पेशींची परस्परांवरची पकड सैल झाली, त्या अधिक फिरू लागल्या, आधाराशिवाय वाढू लागल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत जाऊन पोहोचल्या. जोडातला एक तुकडा काढल्याने पेशी नुसती मोकळी होत नाही, तिचा स्वभावच बदलतो. या संशोधनातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे.

याच पेशींत आणखी एक बदल दिसला: केराटिन-८ वाढले होते. येथे ही वाट शेजारच्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या वाटेला मिळाली. डॉ. मिलिंद वैद्य अनेक वर्षे तोंडाच्या कर्करोगातील केराटिनांचा अभ्यास करत होते. केराटिनचे तंतू पेशीला आतून आधार देतात. केराटिन ८ आणि १८ ही जोडी यकृत, आतडे अशा एकपदरी अस्तरांत असते. तोंडाच्या अनेकपदरी अस्तरात तिचे काम नाही. तरीही तोंडाच्या कर्करोगात ती हमखास उगवते. जिभेच्या कर्करोगापासून मिळवलेल्या पेशींतून वैद्य यांच्या गटाने केराटिन-८ काढून टाकले, तेव्हा त्यांची आक्रमकता आणि गाठ करण्याची क्षमता दोन्ही घटल्या.

या कामाला रुग्णांच्या ऊतींची जोड होती. भारतात २०२० मध्ये तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यामागे तंबाखू आणि सुपारी ही मुख्य कारणे आहेत. अशा रुग्णांच्या काढलेल्या गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत येतात, तेव्हाच उंदरांतला निष्कर्ष माणसाला लागू पडतो की नाही ते कळते. २०११ मध्ये वैद्य यांच्या गटाने दाखवले की केराटिन-८ वरील ठराविक जागचे फॉस्फेट गळाले की गाठ अधिक वाढते. रुग्णांच्या ऊतींतही या फॉस्फेटचा अभाव गाठीच्या आकाराशी, रोगाच्या टप्प्याशी आणि लसीकाग्रंथींत झालेल्या प्रसाराशी जुळत होता.

हे फॉस्फेट कोण काढते? दोन्ही गटांनी २०१२ मध्ये मिळून उत्तर दिले. प्लॅकोफिलिन-३ कमी झाले की पीआरएल-३ नावाचे विकर वाढते आणि तेच केराटिन-८ वरील फॉस्फेट उतरवते. आतड्याच्या कर्करोगातून यकृतात गेलेल्या गाठींत हे विकर भरमसाट असते, एवढे अमेरिकेत २००१ मध्येच दिसले होते. ते कोणत्या साखळीत बसते, ते आता कळले. या पेशींतून केराटिन-८ घटवल्यावर त्यांची भटकंती आणि प्रसार दोन्ही खाली आले. पुढे दलाल यांच्या प्रयोगशाळेला याच साखळीत लोहाशी निगडित लिपोकॅलिन-२ हे प्रथिन सापडले. ते वाढले की आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी ५-फ्लुरोयुरॅसिल या नेहमीच्या औषधाला दाद देईनाशा होतात, आणि त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाने प्रयोगात ही दाद परत मिळते. रुग्णाच्या सलाइनपर्यंत पोहोचायला अशा शोधाला सुरक्षिततेच्या अनेक चाचण्यांतून जावे लागते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र प्रसाराच्या ज्ञानाने आधीच जीव वाचवले आहेत. तोंडातली गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, अशा वेळी मानेतील लसीकाग्रंथी लगेच काढाव्यात की नंतर उमटल्या तर पाहावे, हा जुना वाद होता. डॉ. अनिल डिक्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात ५९६ रुग्णांवर चाचणी केली. पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला: ग्रंथी लगेच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. बाहेरून निर्दोष वाटणाऱ्या मानेत दहांपैकी सुमारे तिघांच्या ग्रंथींत पेशी आधीच पोहोचलेल्या होत्या.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील चाचणीने शस्त्रक्रियेच्या क्षणाकडेच लक्ष दिले. स्तनाची गाठ काढताना होणाऱ्या हाताळणीने पेशी सुटत असतील का, या शंकेतून शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे जुने, स्वस्त औषध टोचले गेले. भारतातील ११ केंद्रांतील १,५८३ स्त्रियांचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी लिडोकेन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. लिडोकेन पेशीच्या आवरणातील सोडियमच्या वाटा बंद करते, आणि फिरत्या कर्करोगपेशी हालचालीसाठी याच वाटा वापरतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे.